प्रॅक्टिकलच्या टेबलावर कंप्युटर: सायन्स-इंजिनिअरिंगच्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये कोड आणि डेटा आणायला लागल्यापासून कार्यशाळेत, पेपर तपासायला कॅपमध्ये (तपासणी केंद्रात) बसल्यावर, एक्स्टर्नल (बाहेरची परीक्षक) म्हणून गेल्यावर चहाच्या वेळी तेच तेच प्रश्न कानावर येतात. प्रत्येकाला तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. प्रश्न ज्या शब्दांत विचारले गेले त्याच शब्दांत ठेवले आहेत.

आमच्याकडे सी प्रोग्रॅमिंगचा पेपर आहेच. मग हे वेगळं काय?

त्या पेपरात मुलं मूळ संख्या शोधतात, फिबोनाची छापतात, तारकांचा पिरॅमिड काढतात. पास होतात. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला फिजिक्सच्या लॅबमध्ये चाळीस रीडिंगं द्या. तो कॅल्क्युलेटर काढतो आणि एकेक बटण दाबत बसतो. काल लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या ओळी) लिहिला होता तो कशासाठी असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, की वेगळा पेपर वाढवू नका. जे प्रॅक्टिकल वर्षानुवर्षं चाललंय, त्याच्याच पोटात आकडेमोड घाला. पेंडुलम तोच, रेझिस्टन्स तोच, टायट्रेशन तेच. फरक रीडिंग घेतल्यानंतरच्या अर्ध्या तासात पडतो. एनईपीच्या (नव्या शैक्षणिक धोरणाच्या) आराखड्यात व्हीएससी, एसईसी अशी कौशल्यांच्या विषयांची क्रेडिटं आली आहेत, त्यातून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ओळख करून द्यायला हरकत नाही. पण ओळख झाल्यावर रोजचं जाणं-येणं विषयाच्या लॅबमध्येच व्हायला हवं.

सुरुवात नेमकी कशाने करू? एखादं उदाहरण द्या.

चहाने करा. मी गंमत करत नाही.

वर्गात एक कप चहा, एक थर्मामीटर आणि भिंतीवरचं घड्याळ. दर मिनिटाला तापमान लिहायचं. न्यूटनचा शीतकरणाचा नियम मुलांना पाठ असतो: कप आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक, त्या प्रमाणात कप निवतो. समजा चहा ८० अंशांवर, खोली ३० अंशांवर आणि स्थिरांक दर मिनिटाला ०.०५. म्हणजे पहिल्या मिनिटाला फरक ५० चा, त्याचे पाच टक्के अडीच अंश. चहा साडेसत्त्याहत्तरवर आला. आता फरक साडेसत्तेचाळीस, त्याचे पाच टक्के काढा. पुन्हा. पुन्हा. ही ऑयलरची पद्धत. तीन पायऱ्या फळ्यावर हाताने करून घ्यायच्या. चौथ्या पायरीला मुलं स्वतःच म्हणतात, 'मॅडम, हे कंप्युटरला सांगा ना.' लूप शिकवायची खरी वेळ ती.

कोड पाच-सहा ओळींचा होतो. एका मिनिटाची पायरी घेतली, तर दहा मिनिटांनी चहा ५९.९४ अंशांवर येतो. सूत्राने अचूक उत्तर ६०.३३. पायरी अर्ध्या मिनिटाची केली की ६०.१३. म्हणजे पायरी निम्मी केल्यावर चूकही साधारण निम्मी झाली. हे मुलांनी आकड्यांत पाहावं, व्याख्येत नको.

मग खरी मजा. पायरी मोठी करायला सांगा. दहा मिनिटांची पायरी घेतली की उत्तर ५५ येतं; चुकीचं, पण गळी उतरेल असं. वीस मिनिटांची घेतली तर चहा एकाच उडीत बरोबर ३० वर येऊन बसतो आणि हलतच नाही. तीस मिनिटांची घेतली की ५ अंश, म्हणजे खोलीपेक्षा गार. आणि चाळीस मिनिटांची घेतली की उणे २०. चहाचा बर्फ! पुढच्या पायरीला तो पुन्हा ८० वर, त्याच्या पुढच्या पायरीला पुन्हा उणे २०. वर्ग हसतो. कोडमध्ये एकही चूक नाही, कंप्युटरने एकही एरर दिली नाही, आकडे दोन दशांशांपर्यंत नीट छापून आले, आणि उत्तर धादांत खोटं. मी जे शिकवू पाहते त्यातलं निम्मं या एका तासात होतं.

उरलेलं निम्मं खऱ्या रीडिंगांवरून. उघड्या कपाचा चहा सुरुवातीला मॉडेलपेक्षा भराभर निवतो, कारण वाफ निघून जाते आणि नियमात बाष्पीभवन धरलेलं नाही. कपावर बशी ठेवून पुन्हा रीडिंग घ्या, मॉडेल बरंच जुळतं. इथे 'सोर्सेस ऑफ एरर' या मथळ्याखाली मुलांना 'पॅरॅलॅक्स' (तिरकं बघितल्याने रीडिंग चुकणं) हा एकच शब्द लिहायची सवय आहे, ती मोडते.

मलाच प्रोग्रॅमिंग येत नाही. मुलांसमोर फजिती होईल.

होईल. माझीही झाली आहे, अजून होते. परवाच कंस बंद करायला विसरले आणि सात मिनिटं चाचपडत होते. मागच्या बाकावरच्या मुलीने दाखवलं.

तयार कोड स्लाइडवर दाखवू नका, फळ्यावर सोडवावं तसा मुलांसमोर टाइप करा. अडखळलात तर मुलांना अडखळण्यातून बाहेर कसं यायचं ते दिसतं, आणि तुमचा वेगही त्यांना झेपेल इतका राहतो. १९९८ पासून शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या कार्यशाळांत हीच पद्धत आहे. त्यांची आणखी एक युक्ती मी उचलली आहे: प्रत्येकाला दोन रंगांच्या स्टिकी नोट्स. जमलं की हिरवी स्क्रीनवर चिकटवायची, अडलं की लाल. हात वर करायला लाजणारी मुलं लाल कागद बिनदिक्कत लावतात. स्टिकी नोट्स नसल्या तर साध्या कागदाचे तुकडे आणि उभे-आडवे ठेवायचा नियम, तेवढंही चालतं.

तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलपासून सुरू करा. पायथन, सायलॅब, लिनक्स असे मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत, बरेचसे मराठीतही. व्हिडिओ थांबवत, शेजारच्या खिडकीत स्वतः करत पुढे जायचं. सुट्टीत रोज एक पुरे.

भाषा कुठली घ्यावी? पायथन, आर, सायलॅब की मॅटलॅब?

यावर लोक भांडतात. मी भांडत नाही. सायन्सला पायथन घ्या. फुकट आहे, पुढेही उपयोगी पडते, आणि अडल्यावर विचारायला माणूस सापडतो. बायोलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्सचा विभाग आधीच आर वापरत असेल तर त्यांना पायथनकडे ओढू नका. मॅटलॅबचं लायसन्स कॉलेजने घेतलेलं असेल तर वापरा, पण मुलगा घरी जाऊन सराव कशावर करणार, हे आधी विचारा. त्यासाठीच मॅटलॅबसारखं पण फुकट असलेलं सायलॅब बरं पडतं. आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पाने इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतल्या सोडवलेल्या उदाहरणांचे सायलॅबमधले कोड मोफत ठेवले आहेत. तुमच्या विषयाचं पुस्तक त्यात आहे का, ते बघून घ्या.

एक्सेल का नको? सगळ्यांना येतं.

नको असं मी म्हणत नाही. बेरीज, सरासरी, पहिला कच्चा ग्राफ एक्सेलमध्येच काढा. पण एक्सेल तुम्हाला न विचारता काय काय करतं ते मुलांना एकदा दाखवा.

आमच्या एका बॅचने मातीचे नमुने आणले. नमुन्याचे क्रमांक होते ३-४, ३-५, म्हणजे तिसरं शेत, चौथा खड्डा. एक्सेलने त्याच्या तारखा करून टाकल्या. हे आमच्यासारख्यांपुरतं नाही. माणसाच्या जनुकांची 'मार्च १', 'सेप्ट २' अशी नावं होती. एक्सेल त्यांनाही तारखा समजायचं आणि छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत त्या तारखा तशाच राहून जायच्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर हललं नाही, तेव्हा जनुकं हलली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद मोजणीतून गळली होती. फाईल एक्सेलच्या जुन्या प्रकारातली होती, त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी कापल्या गेल्या आणि कुणाला काही सूचनाही आली नाही. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कळवलं गेलं नाही.

आणि मुख्य अडचण अशी, की एक्सेलमध्ये काय केलं ते दिसत नाही. कुठल्या चौकटीत कुठलं सूत्र आहे, कुठली ओळ निवडायची राहिली, हे तपासायचं तर एकेक चौकट उघडावी लागते. कोडचं तसं नाही. केलं ते सगळं वरून खाली लिहिलेलं असतं, वहीतल्या गणितासारखं.

डेटा कुठून आणायचा? सरावाचे तेच तेच संच वापरून कंटाळा आला.

सरावाच्या सर्वांत प्रसिद्ध संचातल्या त्या १५० आयरिस फुलांना आता विश्रांती द्यावी, १९३६ पासून बिचारी राबताहेत. आधी आपल्याच लॅबमध्ये बघा. साठ मुलं पेंडुलमचं प्रॅक्टिकल करतात, प्रत्येकजण आपली रीडिंगं जर्नलात लिहितो, सर सही करतात, विषय संपतो. ती साठ उत्तरं एका फाईलीत आणा आणि हिस्टोग्राम काढा, म्हणजे कुठलं उत्तर किती जणांचं आलं त्याचे खांब. पुण्याच्या परिसरात गुरुत्वत्वरण ९.७८ च्या जवळपास आहे. पुस्तकात ९.८. माझ्या पहिल्या हिस्टोग्राममध्ये ९.८ वर असा उंच खांब उभा राहिला, की सगळी बॅच खाली बघायला लागली. उलटं गणित करून रीडिंग कशी 'आणली' जातात हे तुम्हाला मला माहीत आहे, आपणही विद्यार्थी होतोच. मी कुणाला रागावले नाही. एवढंच म्हटलं, की खऱ्या मोजमापात असा खांब निघणं अवघड आहे, आता पुन्हा मोजू या. दुसऱ्या वेळचा हिस्टोग्राम ओबडधोबड आला, पसरट आला. तो अजून लॅबच्या भिंतीवर आहे.

बाहेरचा डेटा हवा असेल तर आपल्याइतकं नशीबवान कोण? भारतीय हवामान खात्याचं पुण्याचं कार्यालय १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटीत मोफत देतं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांनी घेतलेली निरीक्षणंही काही काळाने सर्वांसाठी खुली होतात. पण ती बी.एस्सी.च्या मुलांना जड जातात, प्रोजेक्टपुरती ठेवा. सरकारी खात्यांचे तक्ते केंद्राच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर मिळतात.

पण पावसानेच सुरू करा. तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आकडा चुकला की मुलांना लगेच खटकतं.

खरा डेटा फार घाण असतो. साफ करून देऊ का?

मुळीच देऊ नका! घाण काढणं हाच अर्धा अभ्यासक्रम आहे. पावसाच्या याच फाईलीत जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. दरवर्षी निदान एक गट सरासरी पाऊस उणे काढून आणतो आणि तसाच जर्नलात लिहितो. मग मी विचारते, 'उणे पाऊस म्हणजे काय, जमिनीतून वर गेला?' त्यानंतर तो गट जन्मात पुन्हा सरासरी काढण्याआधी किमान आणि कमाल किंमत बघितल्याशिवाय राहत नाही.

दुसरा सापळा तारखांचा. आपण ५ जुलै हा ०५/०७ असा लिहितो. कित्येक सॉफ्टवेअर आधी महिना धरतात, त्यांना तो ७ मे वाटतो. तेरा तारखेपासून पुढे मात्र दिवस ओळखू येतो, म्हणून तिथून सगळं बरोबर. असा डेटा वाचला की मे महिन्यात धो धो पाऊस आणि जुलैत खंड पडलेला दिसतो. तिसरा सापळा आपला स्वतःचा: १,२५,००० असा स्वल्पविराम देऊन लिहिलेला आकडा स्वल्पविरामाने रकाने पाडणाऱ्या फाईलीत गेला, की एका आकड्याचे तीन रकाने होतात.

स्टॅटिस्टिक्स किती शिकवायचं?

सरासरीवर अविश्वास ठेवण्याइतकं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. या दोहोंची सरासरी काढलीत तर तो पाऊस ना महाबळेश्वरचा ना माणचा.

आणि ग्राफ काढल्याशिवाय कोरिलेशनचा (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात त्याचा) आकडा सांगायचा नाही, हा नियम घाला. त्यासाठी अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बनवलेले चार संच वर्गात वापरा. प्रत्येकी अकरा बिंदू. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची ७.५, कोरिलेशन ०.८१६ आणि सरळ रेषाही एकच: चढ ०.५, छेद ३. आधी हे आकडे काढून घ्या, मुलं म्हणतील चारही सारखेच. मग ग्राफ काढायला सांगा. एक रेषेसारखा, एक कमानीसारखा, एकात एकच बिंदू रेषा ओढून नेणारा, एकात सगळे बिंदू उभे एकावर एक आणि एक लांब एकटा. यापुढे काही बोलावं लागत नाही. टी-टेस्ट, एफ-टेस्ट नंतर, स्टॅटच्या मंडळींकडे.

कंप्युटर बारा, मुलं चाळीस. त्यात दुपारी वीज जाते.

एका मशिनवर दोघं-तिघं हे मी मुद्दामही करते. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने ओळ वाचून चूक धरायची, तिसऱ्याने पुढचं उत्तर काय येईल ते वहीत आधी लिहायचं. दहा मिनिटांनी जागा बदलायची. हुशार मुलगा कीबोर्ड सोडत नाही, त्याला उठवावं लागतं. ही एकच गोष्ट सारखी बघावी लागते.

फोनवर ब्राउझरमधून पायथन चालतं, ग्राफही दिसतो. पण बोटाने कोड लिहिणं जिकिरीचं. फोन बघण्यापुरता आणि बारीक बदल करून चालवण्यापुरता ठेवा.

वीज नसेल तेव्हा चिठ्ठ्या. चहाच्या कोडच्या ओळी कागदावर छापायच्या, कात्रीने कापायच्या, पिसून गटांना द्यायच्या आणि क्रमाने लावायला सांगायच्या. दोन ओळी जादा, चुकीच्या टाकायच्या. कुठली ओळ लूपच्या आत आणि कुठली बाहेर यावर जितका वाद कागदावर होतो, तितका स्क्रीनवर होत नाही. परीक्षेतही हा प्रश्न छान चालतो, तपासायला सोपा आणि पाठांतराने न सुटणारा.

आमची मुलं मराठी माध्यमातली. इंग्रजीला घाबरतात.

कोडमधलं इंग्रजी पंचवीस-तीस शब्दांचं असतं, त्याला कुणी घाबरत नाही. घाबरतात ते एररच्या लाल मजकुराला. वाचायच्या आधीच खिडकी बंद करतात, जणू चोरी पकडली. मी पहिल्या आठवड्यात मुद्दाम चुका करायला लावते: कंस काढा, स्पेलिंग बिघडवा, शून्याने भागा. प्रत्येक वेळी शेवटची ओळ मोठ्याने वाचायची आणि तिचं मराठी वहीत लिहायचं. वर्गाचा आपला एररकोश तयार होतो. 'हे नाव मला माहीत नाही', 'इथे जागा चुकली', 'आकडा मागितला, अक्षर दिलंस' अशी भाषांतरं मुलं स्वतः करतात, आणि ती माझ्यापेक्षा चांगली असतात.

बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण पायथनच्या आताच्या आवृत्त्यांत चलाचं नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. 'तापमान', 'वेळ', 'पायरी' अशी नावं देऊन पहिला कोड लिहिला की तो वाचताच येतो. सारखा कीबोर्ड बदलावा लागतो म्हणून महिन्याभरात मुलं आपणच रोमन लिपीवर येतात. येऊ द्या.

इंजिनिअरिंगला याची काय गरज? आमच्याकडे बांधकामाचं, यंत्रांचं गणित करणारी स्टॅड, अँसिस ही सॉफ्टवेअर आहेत.

म्हणूनच जास्त गरज आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टची प्रेझेंटेशनं बघितली आहेत मी. लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचं सुंदर चित्र येतं, मुलगा म्हणतो मॅक्सिमम स्ट्रेस (सर्वांत जास्त ताण) इथे आहे. किती असायला हवा होता, असं विचारलं की शांतता. साध्या टेकूंवरचा चार मीटरचा बीम, मीटरला दहा किलोन्यूटन भार: मधला बेंडिंग मोमेंट भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ, म्हणजे वीस किलोन्यूटन-मीटर. हे पाठीमागच्या पानावर करून मगच सॉफ्टवेअर उघडायचं. सॉफ्टवेअरने दोनशे सांगितलं तर कुठेतरी एकक चुकलंय.

एककांवरून आठवलं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी पोचलं आणि नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरने बलाचा आवेग पाउंडांत दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटनांत आहे असं धरलं. एका पाउंड-बलाचे सुमारे साडेचार न्यूटन होतात. एफ.ई.ला (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला) एककं न लिहिल्याबद्दल अर्धा मार्क कापला की मुलं वाद घालायला येतात, तेव्हा मी हा किस्सा सांगते.

इंजिनिअरिंगच्या मुलांना आणखी एक जरूर दाखवा: कंप्युटरला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. कारण आपल्याकडे एक तृतीयांशाचे दशांश संपत नाहीत, तसा कंप्युटरच्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) एक दशांश संपत नाही, कुठेतरी कापावा लागतो. ही कापाकापी क्षुल्लक वाटते. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला शत्रूची क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि तो दहावा भाग २४ बिटांत कापलेला होता. शंभर तासांत चूक साठून सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. ते अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मारले गेले.

केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजीवाल्यांनी काय करायचं?

तेच, आपल्या प्रॅक्टिकलवर. टायट्रेशनचा पीएच ग्राफ काढून त्याचा चढ कुठे सर्वांत जास्त आहे ते शोधा, एंड पॉइंट समोर येतो. बॉटनीत क्वाड्रॅटच्या (आखलेल्या चौकोनातल्या वनस्पतींच्या) नोंदी. प्रोग्रॅमिंगपेक्षा नोंद-तक्ता नीट आखणं तिथे जास्त महत्त्वाचं: एका ओळीत एक निरीक्षण, एका रकान्यात एकच गोष्ट, रंग भरून माहिती द्यायची नाही.

सिलॅबस कसा पुरा होणार?

सत्रातली दोन प्रॅक्टिकलं निवडा. दहा नव्हे, दोन. बाकीची जशी आहेत तशी राहू द्या.

मुलं एकमेकांचा कोड कॉपी करतात. आता तर एआय लिहून देतं.

जर्नल कॉपी होत नव्हती तो काळ मला आठवत नाही. सीनियरची जर्नल विकत मिळायची, ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे.

एआयकडून चहाचा कोड मागितला तर दहा सेकंदांत मिळतो आणि बहुधा बरोबर असतो. म्हणून मी कोडला मार्क देणं जवळपास सोडलं आहे. मार्क तोंडीला. एकेका मुलाला दोन मिनिटं. 'ही ओळ काढली तर काय होईल?' 'स्थिरांक दर मिनिटाचा आहे, तू वेळ सेकंदात घेतलीस तर चहा किती वेळात निवेल?' 'पायरी किती घेतलीस, आणि तेवढीच का?' ज्याने स्वतः केलंय किंवा एआयने लिहिलेलं नीट समजून घेतलंय, तो सांगतो. दुसऱ्या प्रकारच्या मुलावर माझा आक्षेप नाही. शिवाय प्रत्येक गटाचा डेटा वेगळा असतो, आपल्या कपाचा. दोन गटांचं उत्तर दुसऱ्या दशांशापर्यंत सारखं आलं तर मला विचारावंही लागत नाही, तेच हसायला लागतात.

एकच अट: पहिलं सत्र एआयविना. ज्याने स्वतः कधी चाळीस मिनिटांची पायरी घेऊन चहाचा बर्फ केला नाही, त्याला एआयने केलेला बर्फ ओळखू येत नाही.

एक्स्टर्नल हे मान्य करतील का?

काही करतात. एका परीक्षेत आलेल्या एक्स्टर्नलनी कोडचं प्रिंटआउट पाहून 'हे फिजिक्स नाही' म्हणत जर्नल बाजूला ठेवली होती. त्या मुलीने उभ्या उभ्या मॉडेल आणि रीडिंग यांतला फरक समजावून सांगितला तेव्हा ते वरमले, पण मार्क वाढले नाहीत. तेव्हापासून मी कोड वेगळा लावत नाही. नेहमीचे मथळे ठेवते: उद्देश, साहित्य, सूत्र, निरीक्षण तक्ता, आकडेमोड, निष्कर्ष. कोड 'आकडेमोड' या मथळ्याखाली चिकटवायचा. कुणी आक्षेप घेत नाही.

पालक विचारतात, याने नोकरी लागेल का?

एका प्रॅक्टिकलने कुणाला नोकरी लागत नाही. पण आमचे काही विद्यार्थी पुढे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, डेअरीत, औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात गेले. तिथे दिवसभर तक्तेच भरावे लागतात. त्यातल्या एकाने मध्यंतरी फोन करून सांगितलं, 'मॅडम, आमच्या शिफ्टच्या रिपोर्टमध्ये रिकाम्या नोंदीला शून्य धरत होते, ती चूक मी पकडली.' बढती मिळाली का, ते काही तो बोलला नाही.

मग ग्राफ पेपर बंद करायचा का?

नाही. आमच्याकडे टी.वाय.पर्यंत दर सत्रात दोन ग्राफ हातानेच काढायचे असतात, शार्प पेन्सिलने. स्केल निवडताना मूल डोकं खाजवतं, एकदा खोडतं, मग कळतं की बिंदू कागदावर मावले पाहिजेत. कंप्युटर स्केल आपणच निवडतो, अक्ष शून्यापासून सुरू करेलच असं नाही, आणि ९.७६ ते ९.८० एवढाच पट्टा ताणून दाखवला की साधी थरथर डोंगरासारखी दिसते. परवा एका मुलाने स्क्रीनवरचा असा ग्राफ बघून विचारलं, 'मॅडम, याचं ओरिजिन कुठे गेलं?' त्याच्या जर्नलात आदल्या आठवड्याचा हाताने काढलेला ग्राफ होता, तीनदा खोडलेला.